रूळ कोणाचे?

अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861–65) दक्षिणेकडच्या संघराज्याला लोखंडाची टंचाई फार छळत होती. रिचमंडचा ट्रेडेगर हा लोखंडाचा कारखाना तोफा आणि चिलखती पत्रे घडवण्यात गुंतला, त्यामुळे नवे रूळ जवळपास मिळेनासे झाले. उत्तरेच्या नाकेबंदीने आयातही आटली. दक्षिणेच्या ‘आर्कान्सा’ या युद्धनौकेचे चिलखत तर चक्क रेल्वेच्या रुळांचे होते!

खासगी रेल्वे कंपन्यांना झिजलेले रूळ बदलायचे होते. सरकारला तेच लोखंड आरमारासाठी आणि लष्करी मार्गांसाठी हवे होते. 1863 मध्ये लोखंड आयोग नेमला गेला. कमी महत्त्वाच्या मार्गांवरचे रूळ उखडून मोक्याच्या मार्गांना द्यायचे, हे त्याचे काम.

फ्लोरिडा रेलरोडचे प्रमुख डेव्हिड युली रूळ न देण्यावर अडून बसले. ते अमेरिकेचे माजी सिनेटर, शिवाय दक्षिणेचे पाठीराखे. तरीही 1864 मध्ये त्यांनी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. लष्कराने तो धुडकावून रूळ उचलले. राज्यांच्या हक्कांच्या नावाने लढणाऱ्या सरकारनेच मालमत्तेचा हक्क असा पायदळी तुडवावा, ही विसंगती बोचणारी आहे. त्या रुळांतून फ्लोरिडा–जॉर्जिया जोडमार्ग झाला, पण 1865 मध्ये, युद्ध संपत आल्यावर.

उत्तरेकडे कारखाने होते, ओढाताण मात्र तिथेही होती. युद्धमंत्री स्टँटन यांनी इंजिन बनवणाऱ्यांना सरकारी मागणी आधी पुरवायला सांगितले. खासगी रेल्वे कंपन्यांना थांबावे लागले. टेनेसीतल्या चॅटनूगात तर उत्तरेच्या लष्करी रेल्वेने स्वतःची रूळगिरणीच उभारली.