शोध लागला, पण तो वटला काय?

वर्तमानपत्रात महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या मोठ्या शास्त्रीय शोधाची बातमी येते. विजेची टंचाई कायमची संपणार, असाध्य रोग बरा होणार, अशी तिची भाषा असते. आपल्यातील काही मंडळी ती वाचून हरखून जातात, तर काही ‘हे असेच छापतात’ म्हणत पान उलटतात. आमच्या मते दोन्ही प्रकार सारखेच नुकसानीचे आहेत. शोधाची बातमी वाचण्याची एक रीत आहे आणि ती समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. आम्ही स्वतः कला शाखेचे असून बँकेत कारकुनी करतो.

बँकेत ग्राहक चेक भरतो, त्याला पावतीवर शिक्का मिळतो. शिक्का मिळाला म्हणजे रक्कम मिळाली असे नव्हे. ज्या बँकेवर चेक काढलेला असतो तिच्याकडे तो पडताळणीस जातो, सही व शिल्लक पाहिली जाते आणि मग तो वटतो किंवा परत येतो. शास्त्रातही असेच आहे. एका प्रयोगशाळेने निष्कर्ष जाहीर केला म्हणजे चेक भरला गेला. इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग स्वतंत्रपणे करून तेच उत्तर काढले म्हणजे तो वटला. बातमी मात्र बहुधा चेक भरल्याच्या दिवशीच छापून येते.

अतिसंवाहकतेचे उदाहरण घेऊ. तांब्याच्या तारेतून वीज वाहताना तार तापते, म्हणजे थोडी वीज वाया जाते. हा तारेचा रोध होय. हॉलंडमधील लायडेन येथे कॅमरलिंग ओन्स या शास्त्रज्ञाने १९११ साली पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. अडचण एवढीच, की इतकी थंडी निर्माण करण्यास द्रवरूप हेलियम लागते आणि ते फार महाग पडते. म्हणून पुढची पंच्याहत्तर वर्षे हा चमत्कार प्रामुख्याने प्रयोगशाळांच्या आसपासच राहिला. इस्पितळातील एमआरआय यंत्र हा त्याचा सर्वांत ओळखीचा उपयोग. त्या यंत्राच्या पोटात हेलियमने थंड ठेवलेल्या तारांचे शक्तिशाली चुंबक असते.

१९८६ साली स्वित्झर्लंडमधील आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ व म्यूलर यांना चिनीमातीच्या जातीच्या एका ठिसूळ पदार्थात सुमारे उणे २४० अंशांवर हाच गुण आढळला. इतरांनी तो ताबडतोब तपासला व तो खरा निघाला. लगेच १९८७ च्या प्रारंभी अमेरिकेत पॉल चू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच दुसऱ्या पदार्थात तो उणे १८० अंशांवर दाखविला. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो व हेलियमच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतो, त्यामुळे जगभर आनंदीआनंद झाला. बेडनॉर्झ व म्यूलर यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. हा चेक वटला, आणि तोही विक्रमी वेळात!

आता दुसरी बाजू पाहा. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी शिसे, तांबे, फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ पुढे आणला. नेहमीच्या हवेच्या दाबात, पाणी उकळते त्याहूनही अधिक उष्णतेत तो अतिसंवाहक असतो, असा त्यांचा दावा होता. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या एका खड्याची चित्रफीत घरोघरी मोबाइलवर फिरली. कृती सोपी असल्याने अनेक देशांत तो पदार्थ बनविला गेला. आपल्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही बनविला. तेथे अतिसंवाहकता आढळली नाही. चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखविले, की पदार्थात अशुद्धी म्हणून राहिलेले तांब्याचे सल्फाइड सुमारे १०४ अंशांवर आपले रूप बदलते व त्यामुळे रोध एकदम घसरल्याचा भास होतो. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेने त्याचे शुद्ध स्फटिक तयार केले, तर तो चक्क विजेचा दुर्वाहक निघाला. महिन्याभरात चेक परत आला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातून असाच एक दावा ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात आला होता. तो निबंध नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आला. तेव्हा नियतकालिक मोठे असले तरी पडताळणी चुकत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

शुद्ध ऊर्जेच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे चेक वटतो, पण रक्कम पाहावी लागते. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर किरणांचा मारा करून हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन घडविण्यात आले. सूर्याच्या पोटात हीच क्रिया चालते. लेसरने इंधनावर २.०५ मेगाजूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाजूल बाहेर आली. शोध खरा आहे. पुढे तो प्रयोग पुन्हा यशस्वीही झाला. तथापि घरच्या मीटरवरील एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. म्हणजे मिळालेली ऊर्जा एका युनिटाहूनही कमी! शिवाय ते लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाजूल वीज लागली ती वेगळीच. दोन रुपये भरून तीन रुपये काढले, पण बँकेपर्यंत जाण्यास रिक्षाला तीनशे रुपये पडले, असा हा व्यवहार आहे. याउलट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जो सिलिकॉनचा सौरघट तयार झाला, तो सूर्यप्रकाशाच्या अवघ्या सहा टक्क्यांची वीज करीत असे. आज बाजारातील चांगल्या पॅनेलची क्षमता वीस टक्क्यांच्या वर आहे. त्याची कोणी मोठी बातमी केली नाही, पण छपरांवर ते दिसू लागले आहेत.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या विषयाकडे येऊ. विदर्भातील आदिवासी जमातींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल हा रक्ताचा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. सिकल म्हणजे विळा. रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे व सांधे असह्य दुखतात, कावीळ होते, रक्त कमी पडते. कारण अगदी सूक्ष्म आहे. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो, एवढेच. हा फरक टिकून राहिला त्यालाही कारण आहे. ज्याला तो आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळतो, त्याचे घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी रक्षण होते. म्हणजे मलेरियाच्या प्रदेशात ज्यांचे पूर्वज तगले, त्यांच्या रक्तात ही खूण राहिली. यात कोणाच्या कुळाचा दोष नाही, कोणाचे पाप नाही.

जनुकातील अक्षरे नेमक्या जागी कापण्याची ‘क्रिस्पर’ ही पद्धत शार्पांतिए व डाउडना या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखविली व २०२० साली त्यांना नोबेल मिळाले. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते व ते सिकल होत नाही. जन्मानंतर शरीर ते बनविणे जवळजवळ थांबविते. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी बाहेर काढून, हे थांबविणारा स्विच क्रिस्परने बंद करून त्या परत सोडल्या, की बालपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये या उपचारास मान्यता दिली. चाचणीत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. चेक निःसंशय वटला. पण अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या वर ठेवली गेली. शिवाय मज्जा रिकामी करण्यासाठी आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत स्वस्त देशी उपचारावर काम चालू आहे. ते यशस्वी होवो. तोपर्यंत आपल्या घरातील मूल कशावर जगणार, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर जुन्या, वटून गेलेल्या शोधांत आहे. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी अमेरिकेत १९९८ सालापासून या आजारावर मान्य आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. आणि दुसरा उपाय त्याहून स्वस्त, तो म्हणजे सोयरीक ठरविण्यापूर्वी रक्ततपासणी. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असेल व दुसऱ्याच्या रक्तात दोष नसेल तर मूल फार तर वाहक होते, रुग्ण होत नाही. वाहकास सहसा कोणताच त्रास नसतो. असे असता ‘मुलीचे जमणार नाही’ या भीतीने रिपोर्ट लपविले जातात, हे आमच्या पाहण्यात आहे. लपविण्याची किंमत पुढे मूल मोजते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. पहिली चाचणी साधी असते. बोटाच्या टोकातील थेंबभर रक्त एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे. परंतु ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावीच लागते. पहिलीवर विसंबून कोणी स्थळ मोडू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला पहिली चाचणी उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातील हिमोग्लोबिन असते. दुसऱ्या चाचणीच्या रिपोर्टवर ‘एए’ असल्यास हा दोष नाही, ‘एएस’ म्हणजे वाहक व ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. जन्मतः मिळालेली ही जनुके वयानुसार बदलत नाहीत. म्हणून तो रिपोर्ट शाळेचा दाखला व जातीचे प्रमाणपत्र ज्या पिशवीत ठेवतो, त्याच पिशवीत जपून ठेवावा.