मेंदूरक्षण आणि सौम्य शीतन

शिर, हृदय व बस्ति ही आयुर्वेदाने प्रधान मर्मे मानली आहेत. शिराचा रक्तपुरवठा काही मिनिटे खंडित झाला तरी केवढी हानी होते, हे सातारा-सांगली परिसरातील वैद्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांत पाहिले आहे. अशा वेळी शरीर किंचित थंड ठेवल्यास मेंदू वाचतो काय, हा प्रश्न आधुनिक शास्त्राने प्रथम प्राण्यांवर तपासला.

१९८७ मध्ये अमेरिकेतील मायामी येथील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा २० मिनिटे रोखला. मेंदूचे तापमान ३६ अंश सेल्सिअस असता स्मृतीशी निगडित भागातील पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या. ३४ अंशांवर हानी पुष्कळ कमी झाली. पुढे कॅनडात जर्बिल या उंदीरवर्गीय प्राण्यात रक्तप्रवाह पूर्ववत झाल्यानंतर एका तासाने शीतन सुरू करून ते २४ तास चालविले, तरीही पेशी वाचल्या. शीतनाने पेशींची ऊर्जेची गरज घटते आणि ग्लुटामेटचा घातक अतिस्राव व शोथ आवरतात.

मात्र प्राण्यांतील यश माणसात जसेच्या तसे उतरत नाही. जन्मतः प्राणवायू न मिळालेल्या अर्भकांवरील 'हेलिक्स' चाचणीत भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ४०८ अर्भके होती. मुंबईचे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयही तीत सहभागी होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवलेल्या गटात ४२ टक्के, तर नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात ३१ टक्के अर्भके दगावली. श्रीमंत देशांत उपकारक ठरलेला उपचार येथे घातक ठरला. प्रयोगशाळेत आघाताचा क्षण ठाऊक असतो. अर्भकात तो जन्मापूर्वीच होऊन गेलेला असू शकतो.

यातून आपण घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. द्रव्याचा शीत गुण आणि यंत्राने मोजून केलेले शीतन या भिन्न गोष्टी होत. अचानक तोंड वाकडे झालेल्या, वाचा गेलेल्या वा बेशुद्ध रुग्णाच्या डोक्यावर बर्फ ठेवू नये, शिरोधारा करू नये, तोंडाने काढा देऊ नये. नवजात शिशू कोरडे व उबदारच ठेवावे. औषधालयात कोणी अशा रुग्णासाठी 'डोक्याला थंडावा देणारे तेल' मागितले, तर बाटली देण्याआधी लक्षणे केव्हा सुरू झाली ते विचारावे, वेळ लिहून द्यावी व १०८ ला कळवावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. दुर्गम गावाहून साताऱ्यास किंवा सांगली-मिरजेस पोहोचण्यातच त्यातील मोठा वाटा सरतो.

रुग्ण स्थिर झाल्यावर पंचकर्माचा विचार अवश्य करावा. त्याआधीचे तास मात्र रुग्णालयाचे आहेत.