जुनी मोटार पारखावी कशी?

मोटार ही आतां केवळ धनिकांची वस्तु राहिलेली नाहीं. नव्या गाडीची किंमत ज्यांस झेपत नाहीं असे कित्येक संसारी गृहस्थ वर्षानुवर्षें पैसा शिल्लक टाकून एखादी जुनी गाडी दारीं आणतात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. मात्र ती घेण्यापूर्वीं पारखावी कशी, हें ठाऊक असलें पाहिजे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कोणाच्या घरीं असा बेत चालला असेल, तर त्यांनीं हा लेख वडील मंडळींस अवश्य वाचून दाखवावा.

ह्या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार एवढाच, कीं आम्ही एकदां फसलों आहों. गाडीचा रंग तजेलदार होता, बैठकी नव्या होत्या, आणि किल्ली फिरवितांच इंजिन सुरू झालें. बॉनेटवर हात ठेवला तेव्हां तें ऊन लागलें, पण त्याचा अर्थ आम्हांस उमगला नाहीं. पुढें तीनच आठवड्यांनीं घाट चढतांना पाणी उकळलें, वाफेचा लोट उठला, आणि मुलांबाळांसह आम्ही रस्त्याच्या कडेला ताटकळत बसलों. दुरुस्तीस गाडीच्या निम्म्या किंमतीइतका पैसा लागला. त्या दिवशीं आम्ही जें शिकलों तें थोडक्यांत असें: आवाज करणारा दोष पुष्कळदां स्वस्तांत सुटतो, गप्प बसणारा दोष महाग पडतो.

म्हणून पहिला नियम हा, कीं गाडी सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहावी. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेविलें असेल, तर सुरू होतांनाची अडचणहि झांकली जाते आणि पहिला धूरहि. प्रथम तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल काळें दिसलें तर भिण्याचें कारण नाहीं, वापरानें तें काळवंडतेंच. परंतु तें दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी मिसळत असल्याचा दाट संशय घ्यावा. रेडिएटरचें झांकणहि इंजिन थंड असतांनाच उघडावें. तापलेल्या गाडीचें उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उसळतें. आंतील पाण्यावर तेलाचा तवंग असला, तर हेड गॅस्केट गेलें असण्याचा संभव असतो. आमच्या गाडीचें दुखणें तेंच होतें.

नंतर इंजिन सुरू करून पाठीमागें उभें राहावें. थंडीच्या सकाळीं थोडी पांढरी वाफ निघून लगेच थांबली, तर ती निव्वळ दमट हवा समजावी. दाट पांढरा धूर थांबेचना, तर इंजिनांत पाणी शिरत असावें. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जळत आहे. हा दोष बहुधा थोडक्यांत सुटतो. निळसर धूर मात्र तेल जळत असल्याची खूण होय. चढावर तो सतत निघाला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्या. मग सारें इंजिन उघडण्यावांचून गति नाहीं.

उदाहरणार्थ, आपल्याकडे घरोघरीं परिचित असलेली मारुति ८०० घ्या. ती १९८३ सालीं निघाली व २०१४ च्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. अर्थात् आज मिळेल ती जुनीच मिळणार. तिच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या, तीन सिलिंडरांच्या इंजिनांत झडपांचा दंड टायमिंग बेल्ट नांवाच्या रबरी पट्ट्यानें फिरतो. ह्या पट्ट्याची झीज वरून दिसत नाहीं कीं कानांवर येत नाहीं. तो तुटला कीं इंजिन तात्काळ बंद पडतें. तो केव्हां बदलला हें विकणाऱ्यास सांगतां आलें नाहीं, तर बदललाच नाहीं असें धरून तो खर्च हिशेबांत घ्यावा. उलटपक्षीं, तिचीं पुढचीं चाकें फिरविणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला, तर गाडी पूर्ण वळवितांना मोठी कटकट ऐकूं येते. ऐकणारा दचकतो, परंतु सांधा बदलण्याचा खर्च इंजिन उघडण्याच्या मानानें फार थोडा असतो.

येथवर पैशाचा प्रश्न झाला. ब्रेक व गंज हा जिवाचा प्रश्न आहे. गाडी उभी असतांना, इंजिन चालूं ठेवून, ब्रेकचें पायटें दाबून धरावें. तें हळू हळू खालीं बसूं लागल्यास ब्रेकचें तेल कोठेंतरी दाब सोडीत आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊं नये. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेंत व कोंकणच्या पावसांत राहिलेल्या गाडीस गंज खालून खातो. पायांखालची चटई उचलून पत्रा पाहावा, आणि गाडी गॅरेजांत उंच चढवून तळ तपासून घ्यावा. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं मात्र कोणीं शिरूं नये. तळाला नुकताच काळा लेप दिलेला आढळला, तर तो कशासाठीं दिला हें विचारावें. टायरवर चार आंकडे एका चौकटींत असतात. २३१९ असे असतील तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. नक्षी शाबूत असली तरी वयानें रबर तडकतें.

शेवटीं, ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी वांचवूं पाहणारा गृहस्थ पुढें शंभरपट मोजतो. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते व पुढें तपासणी करवून ती वाढवावी लागते, हेंहि कागदपत्रें पाहतांना ध्यानांत ठेवावें. आणि मनाला खटकलें, तर सौदा न करतां परत येण्यास मुळींच लाजूं नये. आम्ही त्या दिवशीं ऊन बॉनेटावरून हात काढून "उद्यां सकाळीं पुन्हा येतों" एवढेंच म्हटलें असतें, तर घाटांतील ती दुपार आमच्या मुलांच्या वांट्यास आली नसती.