कॅमेऱ्याच्या खटक्याचे प्रयोजन

आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे बटण दाबताच होणारा खटका हा यंत्राच्या हालचालीचा आवाज असतो. भिंगातून आलेला प्रकाश डोळ्याकडे वळवणारा आरसा झटकन वर उचलला जातो आणि शटरचा, म्हणजे संवेदकावर ठरावीक काळापुरताच प्रकाश पडू देणाऱ्या यंत्रणेचा, पहिला पडदा सरकून वाट मोकळी करतो व दुसरा पाठोपाठ येऊन ती बंद करतो.

मोबाइलमध्ये आरसा नसतो आणि सहसा पडदेही नसतात. तेथे संवेदकावरील बिंदूंच्या ओळी, शेतातल्या सऱ्या एकामागून एक भिजत जाव्यात तशा, क्रमाने वाचल्या जातात, म्हणून तेथील खटका केवळ ध्वनिमुद्रित असतो आणि तो बंद केल्याने छायाचित्राचा दर्जा मुळीच बदलत नाही. मोठ्या कॅमेऱ्यात मात्र आवाज टाळण्यासाठी पडद्यांऐवजी हीच पद्धत वापरली, तर सर्व ओळी एकाच क्षणी टिपल्या न गेल्याने धावती गाडी तिरकी उमटू शकते.

तरीही हा आवाज निरर्थक नाही, कारण आपले छायाचित्र काढले गेल्याची जाणीव तो समोरच्या व्यक्तीला करून देतो. चोरून छायाचित्रे काढली जाऊ नयेत म्हणून जपानमधील कंपन्यांनी, कायद्याची सक्ती नसतानाही, मोबाइलमध्ये बंद न करता येणारा आवाज ठेवला. दक्षिण कोरियात त्यासाठी ६० ते ६८ डेसिबलचे मानक ठरले. आवाज न करणारी ॲप्स ही व्यवस्था चुकवू शकतात, त्यामुळे खासगीपणाच्या रक्षणासाठी एकट्या खटक्यावर विसंबणे पुरेसे नाही.