दाताला कीड लागते, पण किडा असतो कुठे?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दाढ दुखायला लागली की आपण म्हणतो, दाताला कीड लागली. शब्दच असा आहे की, ज्वारीला सोंडे लागावेत तसा दातात एखादा किडा शिरला असेल असं वाटतं. 'दातातला किडा काढून देतो' म्हणणारेही बाजारात भेटतात. त्यांना पैसे देऊ नका. दातात असा किडा नसतोच.

मग दात पोखरतं कोण? आपल्या दातांवर एक चिकट थर साचतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात राहतात. आपण गोड खाल्लं की ते जंतूही खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कठीण कवचातली खनिजं विरघळतात. नंतर आपली लाळ ते आम्ल धुऊन टाकते आणि गेलेली खनिजं थोडी थोडी परत भरते. बचत गटाच्या खात्यासारखाच हा हिशोब आहे. उचल जास्त आणि भरणा कमी झाला की खड्डा पडतो.

म्हणून गोड किती खाल्लं, याइतकंच ते दिवसातून किती वेळा खाल्लं हेही पाहायचं. जेवणाबरोबर एकदाच गूळ खाणाऱ्या मुलापेक्षा दिवसभर बिस्किटाचा पुडा घेऊन फिरणाऱ्या मुलाच्या दातांना धोका जास्त, कारण त्याच्या लाळेला भरपाई करायला उसंतच मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटते. त्यामुळे साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका.

भरणा वाढवण्यासाठी फ्लोराइड मदत करतं. ते दाताच्या पृष्ठभागावर लागलं की खनिजं लवकर परत बसतात आणि कवच आम्लाला जास्त दाद देत नाही. पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराइड लिहिलेलं आहे का, ते बघा. १००० पीपीएमच्या आसपास असलेली पेस्ट चांगली. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं ब्रश करा. रात्रीचा ब्रश चुकवू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पेस्ट गिळू द्यायची नाही, थुंकायला शिकवायचं. थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. साधारण आठ वर्षांपर्यंत मुलाचा ब्रश मोठ्या माणसाने करून द्यावा.

'दुधाचे दात पडणारच आहेत' असं म्हणून आपण सोडून देतो. पण काही दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या किडल्या तर मूल नीट जेवत नाही, रात्री रडतं, शाळा बुडते. आणखी एक गोष्ट. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आजच उजेडात त्याचं तोंड बघा.

आता काही जणी विचारतील, 'फ्लोराइडने तर दात पिवळे पडतात ना?' प्रश्न बरोबर आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे हाडं-सांधेही आखडतात. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको. पाणी उकळून ते जात नाही. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल मागा. पाण्यात प्रमाण जास्त असेल, तर पिण्यासाठी दुसरा स्रोत धरा आणि लहान मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्यांना विचारा.

मिश्रीबद्दलही बोलायला हवं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात मजबूत होत नाहीत. हिरड्या खराब होतात, सवय लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणात तर ती पोटातल्या बाळालाही बाधते.

कीड दुखण्याआधी दिसते. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर ती सुरुवात असते. तेव्हा काळजी घेतली तर दात सावरतो. भोक पडलं की मात्र ते आपोआप भरत नाही, दंतवैद्यांकडून भरून घ्यावं लागतं. लवंगेने ठणका थांबतो, किडणं थांबत नाही. उशीर केला तर कीड नसेपर्यंत जाते आणि मग दात काढण्याची वेळ येते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य बसतात, ते आशाताईंना विचारून ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली पेस्टची ट्यूब घेऊन या. कुणाच्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय आणि कुणाच्या नाही, ते सगळ्या मिळून वाचा. ग्रामपंचायतीकडे पाण्याचा अहवाल कोण मागणार, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.