कुत्र्याचा खाऊ

घरांत लाडू वळले जात असतांना पाळलेला कुत्रा पायांशीं येऊन बसतो, आणि गृहिणीचें मन द्रवून एक लाडू त्याच्यापुढें पडतो. या मायेंतच कधीं कधीं घात असतो. लाडवांतील बेदाणे माणसाला पौष्टिक. परंतु त्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटांतील थिओब्रोमीन त्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें व हृदयास बाधतें. साखरेऐवजीं वापरलें जाणारें झायलिटॉल तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरवून जिवावर उठतें. यांपैकीं कांहींही पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्य गांठावा.

मग कुत्र्याला खाऊ द्यावयाचाच नाहीं काय? अवश्य द्यावा, मात्र तो त्याच्यासाठीं निराळा करावा. एक वाटी उकडून कुसकरलेला लाल भोपळा, एक अंडें आणि मावेल तितकी कणीक किंवा नाचणीचें पीठ घेऊन सर्व घट्ट मळावें. मीठ, साखर, मसाला अजिबात घालूं नये. पातळ लाटून सुपारीएवढे तुकडे कापावे, मंद आंचेवर तव्यावर दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजावे व गार झाल्यावरच द्यावे. दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खाऊ नसावा. नाहींतर अंगीं स्थूलपणा येतो.

कुत्रा मागतो तें सारेंच त्याच्या हिताचें नसतें. तें ओळखण्याची जबाबदारी घरच्या माणसांचीच आहे.