खोडरबराचं ग्रीटिंग

मंडळी, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा मासिकासाठी ‘हाताने ग्रीटिंग कसं बनवावं’ असा लेख लिहितोय हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये जे काही बोललं गेलं, ते छापण्यासारखं नाही. रूममेटने तर सरळच विचारलं, "कोण आहे रे ती?" तर ऐका. तिचं वय ब्याऐंशी आहे, शिक्षण जुनी चौथी, आणि ती माझी आजी आहे.

आजी पाटण तालुक्यात आमच्या गावी असते. गेल्या चार-पाच वर्षांत तिला ऐकू येणं फारच कमी झालंय. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून तिने काढून डब्यात ठेवलं. त्यामुळे फोनवर मी काहीही बोललो तरी पलीकडून "हो हो, जेवलास का?" एवढंच येतं. पहिल्या वर्षी मी तिला ओरडून सांगितलं, "आजी, माझा एम-वन राहिला." ती म्हणाली, "बरं झालं बाळा, देव पावला." मोबाईलच्या स्क्रीनवरचं तिला दिसत नाही, म्हणजे दिसतं पण बोट लागून भलतंच काहीतरी उघडतं. कागदावरचं मात्र ती चष्मा लावून एकेक अक्षर वाचते. मग कागदच पाठवायचा ठरलं. दुकानातली ग्रीटिंग्ज मी बघितली. सगळ्यांवर इंग्रजी कविता. त्यात माझं काय, तर खाली नाव!

म्हणून पहिल्या वर्षीच्या संक्रांतीला मी स्वतः कार्ड केलं आणि ते साफ फसलं. का फसलं ते आधी सांगतो, कारण या सगळ्या प्रकारात जे काही शास्त्र आहे ते तिथेच शिकलो.

स्टेशनरीवाल्याकडून चांगला चकचकीत पांढरा कार्डशीट आणला होता. ऑफिसात असतो तसला जांभळा स्टँपपॅड घेतला. मेसमधून एक भेंडी मागून आणली, आडवी कापली आणि तिचे ठसे मारले. पाच पाकळ्यांची फुलं झकास उमटली. दोन दिवस टेबलावर ठेवून पोस्टात टाकलं. आठवड्याने आईचा फोन आला. आजीला सवय अशी, की वाचताना ओळीवरून बोट फिरवायचं. तिने बोट फिरवलं आणि सगळी फुलं पुसली गेली. बोट जांभळं, पदर जांभळा, आणि कार्डावर नुसता ढग. आजी दिवसभर म्हणत होती, "पोराचं मी खराब केलं." चूक माझी आणि खंत तिला! हे मला फार लागलं.

चूक अशी होती. स्टँपपॅडची शाई उघड्या पॅडवर महिनोन्‌महिने ओली राहायला हवी, म्हणून तिच्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकोलसारखा सहजासहजी उडून न जाणारा पदार्थ घातलेला असतो. म्हणजे ही शाई हवेने वाळतच नाही, ती कागदात मुरते. चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा गुळगुळीत थर दिलेला असतो, त्यात ती मुरणार कशी? ती वरच बसून राहते. त्यामुळे दोन दिवस काय, पंधरा दिवस ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. याला उपाय काय, तर चकाकी नसलेला, थोडा खरखरीत, जाड कागद. आणि तो तर आपल्याकडे ढिगाने असतो हो! ड्रॉइंगच्या सबमिशनची शीट. त्या खरखरीतपणाचा पुढे रंगपेन्सिलीलाही उपयोग होतो.

ए-टू शीट ५९४ × ४२० मिमीची असते. तीन वेळा अर्धी केली की आठ ए-फाइव्ह तुकडे निघतात. प्रत्येकाची मधे घडी घातली की १०५ × १४८ मिमीचं कार्ड, आणि ते ११४ × १६२ मिमीच्या सी-सिक्स पाकिटात बरोबर बसतं. दर वेळी अर्ध केलं तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, कारण ते वर्गमूळ दोनास एक असं ठरवलेलं आहे. पहिल्या वर्षी हे पाठ केलं होतं, उपयोग मात्र आत्ता कळला.

घडी घालताना एक गोष्ट बघायची. लाकडाला जशा रेषा असतात तशी मशीनवरच्या कागदालाही दिशा असते, कारण लगदा पळत्या जाळीवर पडताना तंतू बहुतेक करून एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुरेख बसते, आडवी घातली तर कडेला कागद फुटल्यासारखा दिसतो. कळणार कसं? शीट हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने कमी जोर लागतो तीच घडीची दिशा. वरच्या पद्धतीने कापलं तर घडी शीटच्या लांब बाजूला समांतर येते. तंतू उलटे निघाले तर २१० मिमीच्या बाजूला समांतर घडी घालून उभट, लांबुळकं कार्ड करा. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने स्टीलच्या पट्टीला धरून एक खोल रेघ मारून घ्यावी.

आता ठसा. भेंडी फुकट आहे, पण ती तासाभरात मऊ पडते आणि नक्षी एकच. बटाट्यावर कोरता येतं, मात्र त्याला पाणी सुटतं, कोरल्यावर फडक्याने टिपून घ्यावा लागतो. माझ्या मते खोडरबराला तोड नाही. मोठा, पांढरा, मऊ खोडरबर घ्यायचा आणि पेपरकटरने कोरायचा. जेवढं उमटायला हवं तेवढं ठेवायचं, बाकीचं दोनेक मिमी खोल काढून टाकायचं. कटर धरताना उरलेल्या भागाच्या भिंती खाली रुंद होत जातील असा तिरका धरायचा. भिंती आत कापल्या गेल्या तर दाबल्यावर कडा दुमडते आणि दोन रेघा उमटतात. कटर बोटांपासून लांब जाईल असाच चालवा, हे सांगायला माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

आणि ठसा कागदात गुंडाळून ठेवा. माझा पहिला ठसा कंपासमध्ये सेटस्क्वेअरला असा चिकटला की दोघेही गेले. हे खोडरबर पीव्हीसीचे असतात, मऊ राहावेत म्हणून त्यांच्यात घातलेलं तेलासारखं द्रव्य हळूहळू शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि त्यालाही मऊ करतं.

अक्षरं कोरायची तर उलटी कोरावी लागतात, हे सर्वांना माहीत असतं आणि प्रत्येक जण पहिल्यांदा विसरतो. मी मोठ्या कष्टाने ‘आजीस’ कोरलं, ते असं उमटलं की अँब्युलन्सच्या बॉनेटवर शोभलं असतं. सोपी युक्ती म्हणजे ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने सरळ लिहायचं, तो कागद खोडरबरावर पालथा टाकायचा आणि मागून नखाने घासायचं. ग्रॅफाइट उलटं उतरतं, उलटंच कोरलं जातं, कागदावर सुलटं येतं. आपल्या लिपीचा इथे एक फायदा आहे. शिरोरेषेमुळे अक्षरं एकमेकांना धरून राहतात, सुटी-सुटी हलत नाहीत.

मग सगळंच ठशाने का नाही करायचं? केलं होतं मी. फार चोख दिसतं, आणि मसाल्याच्या पुडीवरच्या छाप्यासारखं दिसतं. ठशाने बाह्यरेषा तेवढी घ्यावी, आत रंग हाताने भरावा. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी नाताळचं पहिलं छापील ग्रीटिंग काढलं, तेही असंच होतं. पत्रांना उत्तरं देऊन ते कंटाळले होते, म्हणून हॉर्सली नावाच्या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं. रेषा शिळाछापाने हजार प्रतींवर छापल्या आणि रंग प्रत्येक प्रतीत माणसाने हाताने भरला. किंमत एक शिलिंग. आपली तर हजार नसतात, आठ असतात.

रंगपेन्सिलीच्या कांडीत रंगाची पूड, भराव म्हणून पांढरी माती, चिकटवायला डिंकासारखं काहीतरी आणि मेण असतं. खरखरीत कागदाच्या उंचवट्यांवर ती घासली जाते आणि खळगे पांढरे राहतात, म्हणून रंग दाणेदार दिसतो. आपण सगळे शाळेत करतो ती चूक म्हणजे खळगे भरायला पहिल्यापासूनच जोर लावणं. मेण दाबून गुळगुळीत होतं, मग त्यावर दुसरा रंग चढतच नाही. हलक्या हाताने तीन-चार थर द्या, आधी फिका, मग गडद, दर थराला हाताची दिशा बदला. लाल गडद करायला काळा घेऊ नका, मळकट होतो. थोडा निळा किंवा तपकिरी घ्या. आणि उजेड कुठून येतो ते एकदा ठरवून टाका. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी माझं एक कार्ड पाहून "याचा टॉप व्ह्यू कुठाय?" असं विचारलं होतं, तेव्हा सावल्या चार दिशांना पडलेल्या होत्या.

रंग अगदी जलरंगासारखा एकजीव हवा असेल, तर इअरबडला नावापुरतं टर्पेंटाइन लावून रंगावरून फिरवा. रंगाच्या दुकानात छोटी बाटली मिळते. मेण विरघळतं, रंग खळग्यांत उतरतो, आणि टर्पेंटाइन उडून जातं. स्टँपपॅडची शाई पाण्यात फुटते, पण टर्पेंटाइनला सहसा दाद देत नाही, म्हणून बाह्यरेषा जाग्यावर राहते. तरी आधी रद्दी तुकड्यावर करून बघाच, शाई-शाईत फरक असतो. खिडकी उघडी हवी. आणि खोलीत मच्छर अगरबत्ती, हीटर (आमच्याकडे हीटर नाही, रेक्टर सरांनी नोंद घ्यावी) किंवा कसलीही ज्योत नको, कारण ते पेट घेतं. रूममेटने टर्पेंटाइनऐवजी खोबरेल तेल वापरून पाहिलं. रंग मिसळले, पण कार्ड भज्याच्या कागदासारखं पारदर्शक झालं. कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो म्हणून. त्या हवेच्या जागी तेल भरलं की उजेड सरळ आरपार जातो, आणि खोबरेल काही उडून जात नाही.

आतला मजकूर मी ठशाने करत नाही. काळ्या बॉलपेनने, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत, एका पानावर पाच-सहा ओळी. पहिल्यांदा लिहिताना अर्धा तास पेन धरून बसलो होतो. फोनवर ‘बाकी काय’ म्हणून वेळ मारून नेता येते, इथे येत नाही. शेवटी लिहिलं की एम-वन राहिला होता, तो आता निघाला, तुला फोनवर सांगितलं होतं पण तुला ऐकू आलं नव्हतं. ते कार्ड आजीने शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवलं. म्हणजे माझी केटी आता गावभर आहे.

त्यानंतर पाडव्याला एक, नागपंचमीला एक, अशी सहा कार्डं झाली. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती तिच्या ट्रंकेत होती, पहिला जांभळा ढगसुद्धा. सहावं कार्ड तिने माझ्यासमोर धरलं. त्यावर दारातल्या तगरीचं फूल होतं. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल म्हणून मी पाकळ्या कोऱ्या सोडून मागे गडद हिरवा भरला होता, आणि मला स्वतःला ते फार जमलंय असं वाटत होतं. आजी म्हणाली, "छान आहे, पण आपली तगर अशी नाही वळत."

मी दारात जाऊन बघितलं. तगरीच्या पाच पाकळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एका बाजूला वळलेल्या असतात, आणि झाडावरची सगळी फुलं एकाच बाजूला. भेंडी कशीही उलटवली तरी सारखीच, म्हणून फुलाला कसलं आलंय उलट-सुलट, असं समजून मी ट्रेसिंग न करता थेट खोडरबरावर काढलं होतं. इंपेलरचं चित्र शंभर वेळा काढलेल्या माणसाने! नवा खोडरबर आणलाय. संक्रांतीच्या आत कोरून व्हायला हवा, शाई मुरायला एक आठवडा धरलाय.